गाठ आहे, म्हणून पिशवी काढायची?

‘पाळीचा इतका त्रास होतो, तर पिशवी काढून टाक, कटकट मिटेल.’ लेकीला किंवा सुनेला हा सल्ला आपण मायेपोटीच देतो. वाचकहो, घरात तुमच्या शब्दाला वजन असते, म्हणून तो देण्यापूर्वी थोडे जाणून घ्यावे.

गर्भाशयातील फायब्रॉइड ही स्नायूंची गाठ आहे, कर्करोग नव्हे. पुष्कळ गाठी काहीच त्रास देत नाहीत. त्यांना उपचारही लागत नाहीत. रजोनिवृत्तीनंतर त्या सहसा आक्रसतात. त्यामुळे पंचेचाळिशीनंतर त्रास सौम्य असल्यास, तपासणी करीत वाट पाहणे हाही उपचारच होय. मात्र अतिरक्तस्रावाने हिमोग्लोबिन घटत असेल, दम लागत असेल किंवा गाठीच्या दाबाने वारंवार लघवीला जावे लागत असेल, तर दुखणे अंगावर काढू नये.

औषधांनी भागले नाही, तर उपाय गाठीच्या जागेवरून ठरतो. गर्भाशयाच्या पोकळीत डोकावणारी गाठ योनिमार्गातून दुर्बीण घालून काढता येते. पोटावर एकही छेद लागत नाही. भिंतीतील वा बाहेरील गाठ अनेकदा पोटावरच्या लहान छेदांतून काढून गर्भाशय शिवता येते. मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी हा मार्ग महत्त्वाचा. तिसरा मार्ग एम्बोलायझेशनचा: जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी नेऊन सूक्ष्म कणांनी गाठीचा रक्तपुरवठा रोखतात. गाठ काही महिन्यांत लहान होते. पहिल्या एक-दोन दिवसांत पोटात बऱ्यापैकी दुखते. पुढे गर्भधारणेची इच्छा असल्यास हा उपाय सहसा सुचवीत नाहीत. गर्भाशय राखले, तर नव्या गाठी होऊ शकतात, हेही ध्यानात असावे. कधी गर्भाशय काढणेच योग्य ठरते. पण तो निर्णय विचारान्ती व्हावा.

आता तुमच्याविषयी. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला किंवा जुनी गाठ वाढू लागली, तर ‘ती जुनीच गाठ आहे’ म्हणून गप्प बसू नका. सोनोग्राफी आणि गरजेनुसार गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी त्वरित करावी. क्वचित गाठीत कर्करोग दडलेला असतो. अशी गाठ पोटात यंत्राने बारीक करून काढल्यास तो पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये दिला होता. म्हणून या वयात आधी निदान, मगच लहान छेदाचा मोह.

डॉक्टरांकडे सोबत जाल, तेव्हा चार प्रश्न लिहून न्या. गाठ नेमकी कुठे आहे? त्रास तिच्यामुळेच होतो का? गर्भाशय राखून काय करता येईल? आणि ते काढावेच लागले, तर अंडाशय राहतील का? पाळी सुरू असताना दोन्ही अंडाशय काढल्यास हाडांवर आणि हृदयावर परिणाम होतो.

या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर निर्णय मात्र जिचे शरीर आहे, तिलाच घेऊ द्या. तुमची सोबत तिला पुरेशी आहे.