शेवाळ: घाण नव्हे, तिसरे पीक

माशांच्या टाकीतले पाणी भाजीला आणि भाजीने निवळलेले पाणी पुन्हा माशांना, ही शेती ज्यांना पटते त्यांनाही तिच्यात शेवाळ नको असते. आक्षेप तीन आहेत: ते रात्री माशांचा प्राणवायू घेते, भाजीचे अन्न पळवते आणि कोकणच्या पावसाळ्यात वाढतच नाही.

पहिला आक्षेप खरा आहे. दाट शेवाळलेल्या पाण्यात पहाटे मासे तोंड वर काढून तडफडतात. पण हा दोष माशांतच माजू दिलेल्या शेवाळाचा. माशांच्या टाकीवर सावली धरावी आणि शेवाळाला वेगळी, उथळ, उन्हातली टाकी द्यावी. मग प्राणवायूसाठी दोघांची ओढाताण होत नाही.

दुसरा आक्षेप टिकत नाही. खाद्यातल्या नत्राचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. उरलेला बराचसा अमोनिया होऊन पाण्यात येतो. जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले की भाजी ते घेते. पण माठ-पालक काढून वाफे रिकामे झाले, तरी मासे खातच असतात. त्या दिवसांतला अमोनिया शेवाळ थेट शोषते. म्हणजे ते भाजीच्या ताटातले ओढत नाही, तिच्याकडून उरलेले घेते. शिवाय चंदेऱ्यासारख्या माशाचे ते मुख्य अन्नच आहे.

तिसऱ्या आक्षेपातच शेवाळाची बाजू दडली आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. जांभ्यातून तो झिरपून जातो आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. शेवाळाचा हंगाम ऑक्टोबर ते मे, म्हणजे पाणी महाग असते तेव्हाचाच. त्या काळात एकाच पाण्यावर तीन पिके का घेऊ नयेत?

मात्र आपसूक उगवेल ते शेवाळ माशांना घालू नये. नील-हरित शेवाळाच्या काही जाती विषारी असतात. क्लोरेलासारखे ओळखीचे विरजण आणावे. स्पिरुलिनाची स्वप्ने विकणाऱ्यांपासूनही सावध राहावे. तिला खारट-अल्कधर्मी पाणी लागते, माशांचे गोडे पाणी चालत नाही.

शेवाळ कामाचे असते हे भातशेतीने कधीच दाखवले आहे. नील-हरित शेवाळ भातखाचरात हवेतला नत्र स्थिर करते, हे संशोधक पी. के. डे यांनी १९३९ साली सिद्ध केले. आज ते जैविक खत म्हणून वापरले जाते. मासे, भाजी आणि शेवाळ यांची एकत्र परीक्षा घेणारेही कोकणातच आहेत: रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१पासून उभे आहे, भाजीचे जाणकार दापोलीच्या कृषी विद्यापीठात आहेत. दोघांनी मिळून वर्षभराचे एक प्रात्यक्षिक करावे आणि विजेच्या बिलासकट त्याचा जमाखर्च शेतकऱ्यांपुढे मांडावा. शेवाळ ठेवायचे की खरवडून टाकायचे, हा निर्णय सवयीने नव्हे, त्या हिशेबाने व्हावा.