ज्ञानाची ठेव आणि ठेवीदार

विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक पेढीतील ठेवीप्रमाणे जमा व्हावेत आणि शिक्षणात खंड पडला तरी ते पुढे वापरता यावेत, यासाठी २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची व्यवस्था केली. घरच्या अडचणींमुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागणाऱ्यांच्या दृष्टीने ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. तथापि अर्थशास्त्राच्या अध्यापकाला यानिमित्ताने एक प्रश्न पडतो. ठेव वाढली म्हणून ठेवीदार बदलत नाही. ज्ञानाचेही तसेच असते काय? ‘मानवी भांडवल’ ही संज्ञा आम्ही वर्गात वापरतो तेव्हा ते तसेच असते, असे नकळत गृहीत धरतो.

या गृहीताला मुळातूनच आव्हान देणारा विचार सतराव्या शतकातील इराणमध्ये मांडला गेला. शिराझ येथे १५७१-७२च्या सुमारास जन्मलेला मुल्ला सद्रा इस्फहान येथे मीर दामाद याच्यापाशी शिकला आणि पुढे कित्येक वर्षे कुमजवळच्या कहक या खेड्यात एकांतात राहिला. आपल्या देशातील मदरशांच्या ‘दर्से निजामी’ या अभ्यासक्रमात त्याची एक टीका चक्क ‘सद्रा’ याच नावाने पाठ्यपुस्तक झाली होती.

त्याच्यापूर्वी सुमारे सहाशे वर्षे होऊन गेलेल्या इब्न सीनाने (९८०-१०३७) गती मानली ती स्थान, परिमाण, गुण आणि शरीराची स्थिती यांत, द्रव्यात नव्हे. कैरी पिकून पिवळी होते तेव्हा रंग व चव पालटते, मूळ द्रव्य तेच राहते, असा या मताचा आशय. सद्राचे उत्तर असे, की रंग आणि चव यांना द्रव्यावेगळे अस्तित्वच नाही. ज्याच्या आधारावर ती उभी आहेत ते स्वतः अचल असेल, तर ती क्षणोक्षणी पालटतील कशी? म्हणून गती द्रव्याच्या गाभ्यातच मानली पाहिजे.

हाच न्याय त्याने आत्म्याला लावला. आत्मा बाहेरून येऊन देहात वस्तीला राहत नाही. तो देहाबरोबर उदय पावतो आणि उत्क्रांत होत होत देहातीत होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. या प्रवासात जुने वस्त्र टाकून नवे घेतले जात नाही, तर वस्त्रावर वस्त्र चढत जाते. पूर्वीची अवस्था पुढच्या अवस्थेत सामावते. ज्ञान हे या प्रवासाचे प्रमुख साधन. जाणणारा आणि त्याने जाणलेले ही जाणण्याच्या क्रियेत एकरूप होतात. इब्न सीनाने स्पष्टपणे नाकारलेला हा सिद्धान्त सद्राने आग्रहाने पुरस्कारिला. त्याच्या दृष्टीने ज्ञाता ज्ञान मिळवीत नाही, तर ज्ञानाने घडतो.

या सिद्धान्ताची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. वारंवार केलेली कृती आत्म्याचे रूप बनते, असेही सद्रा सांगतो. परीक्षेत कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आपण म्हणतो, ‘त्याने काही मिळविले नाही.’ सद्राच्या मते हे अपुरे आहे. तो काहीतरी झालेला असतो. अध्यापकाचीही यातून सुटका नाही. माझ्या टिपणांची पाने पिवळी पडली आहेत. तीच टिपणे मी वर्षानुवर्षे वाचून दाखविली, तेव्हा केवळ विद्यार्थ्यांचा वेळ गेला असे नाही, मीही तेवढाच आटत गेलो.

सद्राचे अध्यात्म सर्वांनी मान्य करावे असे नाही. द्रव्यातील गतीचा सिद्धान्त आजच्या पदार्थविज्ञानाला पुरावा म्हणून देता येणार नाही, आणि तशी ओढाताण करूही नये. परंतु शिक्षणाचा हिशेब मांडताना ठेवीबरोबर ठेवीदाराकडेही पाहावे, एवढे त्याच्यापासून निश्चित घेता येईल. श्रेयांकांची नोंद अवश्य व्हावी. त्याबरोबरच प्रत्येक अध्यापकाने वर्षाअखेरीस एक गोष्ट तपासून पाहावी : जूनमध्ये ज्याला जो प्रश्न सुचला नसता, तो त्याला मार्चमध्ये सुचतो काय? हा तपास कोणत्याही पेढीच्या पुस्तकात चढणार नाही. तो वर्गातच करावा लागेल आणि त्याचा आरंभ अध्यापकाने स्वतःपासून करावयास हवा.