सांगणाऱ्याला ऐकणारा हवा

प्रत्येक घरात एखादे मूल असे असतेच. शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात भिरकावते आणि वर्गातल्या साध्या भांडणाची हकीकत तिखटमीठ लावून, गुरुजींपासून शिपायापर्यंत सर्वांच्या नकला करीत सांगत सुटते. सातव्या वर्षी आपण त्याचे कौतुक करतो. दहावीत गेल्यावर त्याच गुणाला ‘वायफळ बडबड’ म्हणतो. आणि चुकून त्याने ‘मला लेखक व्हायचंय’ म्हटलेच, तर आपला प्रश्न ठरलेला, ‘त्यानं पोट भरणार आहे का?’

प्रश्न खोटा नाही. शिरूर-दौंडच्या बाजूला तर तो अधिकच खरा. इकडे घोडनदी, तिकडे भीमा. उसाची शेते, रांजणगावचे कारखाने, दौंड जंक्शनवरची रेल्वे. पोट भरण्याच्या या वाटा पोराला उंबऱ्यातूनच दिसतात. लेखणीची वाट तेवढी दिसत नाही. पण तीही याच मुलखातून गेलेली आहे.

शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचे गाव. तिथले बशीर मोमीन, म्हणजे लोकांचे ‘मोमीन कवठेकर’, यांचा जन्म १९४७ सालचा. शाळकरी वयात ते गाणी रचू लागले आणि पुढे नामवंत फडांसाठी त्यांनी लावण्या, गवळणी आणि वगनाट्ये लिहिली. हुंडा, व्यसन अशा विषयांवर लोकजागृतीची गाणीही केली. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ साली ते गेले.

असा लेखक कुठल्या शाळेत घडतो? गण, गवळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. समोर दिवसभर राबून आलेला, मातीत मांडी घालून बसलेला माणूस. गोष्ट रंगली तर तो पहाटेपर्यंत हलत नाही. फसली तर घोंगडी झटकून चालू लागतो. समीक्षा त्याच रात्री, तोंडावर! शब्द कुठे थांबवावा, हशा कुठे पिकवावा, डोळ्यांत पाणी केव्हा आणावे, हे या श्रोत्यानेच लिहिणाऱ्याला शिकवले.

कथाकथनाचेही तेच. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथा सांगितल्या आणि माणसे खुर्च्या सोडेनात. पोटाचा प्रश्न त्यांनाही होताच. मिरासदार मराठीचे प्राध्यापक होते, तर माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरी करीत. नोकरी त्यांच्या गोष्टीच्या आड आली नाही. उलट तिथे भेटलेली माणसे गोष्टीला उपयोगीच पडली असणार.

म्हणून मला धास्ती वाटते ती पोटाची नाही, कानांची. एकेकाळी रात्री अंगणात बाजेवर आजी असे आणि तिच्याभोवती पोरे. आज घरातल्या चौघांच्या हातांत चार मोबाइल आहेत. गोष्ट सांगणारे पोर अजून आहे, पण ‘मग? पुढं काय झालं?’ असे विचारणारे कोणी उरलेले नाही. ज्याला हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही, ते पोर काही दिवसांनी सांगणेच सोडून देते. लेखक तिथेच संपतो, आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही.

याला खर्च काही नाही. गावच्या वाचनालयाने महिन्यातली एक संध्याकाळ मुलांच्या गोष्टींसाठी राखावी. शाळेने निबंध तपासण्याआधी तो वर्गापुढे वाचायला लावावा. आणि आपण आईबापांनी रविवारचे जेवण झाल्यावर अर्धा तास सतरंजीवर बसावे. पोटापाण्याचे काय, ते पोराला जरूर विचारावे. पण आधी त्याची गोष्ट पुरती ऐकावी. मध्येच घोंगडी झटकून उठू नये.