भाव आणि हिशेब

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकले जाते. द्यूतात राज्य गमावलेला नल ऋतुपर्णाचा सारथी होतो, एवढे बहुतेकांच्या स्मरणात असते. वाटेतला बेहड्याचा वृक्ष मात्र विस्मरणात जातो. त्या वृक्षाची पाने व फळे ऋतुपर्ण रथातूनच मोजून सांगतो. नल रथ थांबवून स्वतः पडताळा घेतो आणि मग अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षविद्या मिळवितो. फाशांचे मर्म मोजणीत आहे, हे त्या कथाकारास ठाऊक होते. युरोपात १६५४ साली पास्कल व फर्मा या गणितज्ञांनी जुगारातील एका प्रश्नावर पत्रव्यवहार केला आणि त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला.

हे सांगण्याचे कारण असे की, शर्यतीचे आणि क्रिकेटचे भाव तोंडपाठ असलेली हुशार मुले आज आपल्याच घरांत आढळतात. ‘इतके गणित कळणारा मुलगा बुडेल कसा?’ असे काही पालक आम्हांस विचारतात, तेव्हा त्या प्रश्नात काळजीपेक्षा कौतुकच अधिक असते. म्हणून भाव म्हणजे काय, ते एकदा नीट पाहू.

घोड्याचा भाव ‘चारास एक’ असेल, तर एक रुपया लावणाऱ्यास घोडा जिंकल्यावर चार रुपये नफा व मूळचा रुपया परत मिळतो. असा घोडा पाचांत एकदा जिंकत असेल, तरच हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे हा भाव शेकडा २० ही शक्यता सांगतो.

आता चार घोड्यांची शर्यत घेऊ. भाव अनुक्रमे एकास एक, दोनास एक, चारास एक आणि नवास एक. त्यांवर १५००, १०००, ६०० व ३०० रुपये लावावेत. कोणताही घोडा जिंको, हाती ३००० रुपयेच येतात. लावलेले मात्र ३४०० असतात. मधले ४०० बुकीचे. शक्यतांची बेरीज शेकडा १०० असावयाची, ती येथे ११३ च्या वर जाते. भावात घोड्याच्या बळाचा अंदाज असतो, तसाच बुकीचा नफाही आधीच मिसळलेला असतो.

घोड्याच्या बाबतीत बुकीहून सरस अंदाज करण्यास निदान वाव आहे. परंतु तो सरसपणा नफ्याचा हा वाटा भरून काढण्याइतका हवा, आणि तो नित्य हवा. मांडवीच्या पात्रातील जुगारघरांत फिरणाऱ्या रूलेटच्या चक्रावर तर तेवढीही आशा नाही. एका शून्याच्या चक्रात ३७ घरे असतात आणि एका घरावर पस्तीसपट नफा मिळतो. सर्व घरांवर एकेक रुपया लावला, तर ३७ जाऊन ३६ परत येतात. जो अधिक वेळ खेळतो, त्याची हानी या प्रमाणाकडे अधिकाधिक झुकत जाते.

२०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, हे योग्यच झाले. तथापि चोरवाटा नेहमीच असतात, आणि नुसत्या रागावण्याने तरुण मुले ऐकत नाहीत. पालकांनी मुलाशेजारी बसावे, त्याच्याच तोंडचे भाव कागदावर लिहावेत आणि बेरीज त्यालाच करावयास सांगावी. गणितात गती असलेल्या मुलास तो आकडा टाळता येणार नाही.