कासव घरी आणण्याआधी तीस वर्षांचा हिशोब

माशांच्या दुकानात मुलांना घेऊन गेलं की एक प्रसंग हमखास येतो. काचेच्या भांड्यात हिरवीगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली इवलीशी कासवं पोहत असतात आणि "आई, एक घे ना!" सुरू होतं. पिल्लू रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं. भुंकत नाही, केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही. आपल्यालाही वाटतं, घेऊन टाकावं झालं. पण पिशवी हातात घेण्यापूर्वी जरा थांबा. हे कासव कुठलं, ते केवढं होणार, आजारी पडलं तर पैसा कुठून येणार आणि त्याचं सगळं करणार कोण, या चार प्रश्नांची उत्तरं आधी घरात मिळायला हवीत.

पहिली गोष्ट कायद्याची. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवं आणि पाठीवर चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव, म्हणजे तारा कासव, घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि वर दंड अशी शिक्षा आहे. तारा कासव त्या यादीत आहे. "शेतात सापडलं म्हणून आणलं" ही सबब चालत नाही. आणि वीस नखांच्या कासवाने पैशाचा पाऊस पडतो असं सांगणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच वाटेला लावा. घरात लक्ष्मी यावी म्हणून कासव हवंच असेल, तर पितळेचं आणा. ते खातही नाही.

दुकानातलं लाल पट्ट्याचं कासव मात्र परदेशी. त्याचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं. त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात, ब्रिटनमध्ये टेरापिन. ते आपल्या रानचं नाही, म्हणून दुकानात दिसतं. तरीही पक्की पावती घ्या आणि जपून ठेवा. परदेशी प्राण्यांचे नियम बदलत असतात. शंका आली तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावं.

आता दुसरा प्रश्न. हे नाणं काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं होतं. मादी तर पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते. कवचाच्या दर इंचामागे चाळीस लिटर पाणी, असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे दहा इंचांच्या कासवाला ४०० लिटर! गच्चीवरची पाचशे लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. आणि आयुष्य? नीट ठेवलं तर वीस-तीस वर्षं, कधी त्याहूनही जास्त. तिसरीतल्या मुलीसाठी आणलेलं कासव तिच्या मुलांच्या मुंजीलाही हजर असेल.

राहायला त्याला दोन जागा लागतात. एक पोहायची, एक पूर्ण कोरडं होऊन अंग शेकायची. पाणी कोमट, साधारण २४ ते २७ अंश. शेकायच्या दगडावर दिव्याची ऊब ३० अंशांच्या थोडी वर. शिवाय अतिनील किरणांचा खास दिवा हवा, कारण त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊन यासाठी कुचकामी, काच ते किरण अडवते. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं तर उघड्यावर द्या, पण अर्धी सावली ठेवा आणि कावळ्या-मांजरांपासून राखण करा. या दिव्याची शक्तीही हळूहळू कमी होते. तो पेटत असला तरी दर सहा महिने ते वर्षाने बदलावा लागतो.

खाण्याचं म्हणाल, तर पोळी, भात, दूध, पाव यांतलं काहीही नको. कासवासाठी मिळणारे दाणे, लहानपणी थोडं मांसान्न, आणि मोठेपणी लेट्यूस, जास्वंदीची कोवळी पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक रोज नको. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि डोळे सुजून मिटतात. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस पाण्यात टाकून ठेवा, कॅल्शियमसाठी बरा. आणि हो, ते पाण्यातच गिळू शकतं. जमिनीवर ठेवून भरवू नका.

लहान मुलांच्या घरात आणखी एक काळजी. कासव दिसायला निरोगी असलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब आणि ताप येतो. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा थकलेले सासू-सासरे असतील तर घेऊच नका, असंच मी सांगेन. ज्यांच्याकडे आहे त्यांनी हात लावला की साबणाने धुवावेत, आणि त्याचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही घासू नये.

आता पैशाचा प्रश्न. आपल्याकडे गाई-म्हशींचा विमा जुना आहे, कुत्र्या-मांजरांचाही आता मिळतो. ब्रिटनमध्ये काही कंपन्या कासवांचासुद्धा विमा उतरवतात. डॉक्टरांचा खर्च, मृत्यू, चोरी अशा बाबी त्यात असतात. तिकडे राहणाऱ्या मैत्रिणींनी सही करण्यापूर्वी पॉलिसी नीट वाचावी. पहिले किती दिवस भरपाई नाही? आधीपासूनचा आजार धरतात का? बिलाचा पहिला किती हिस्सा आपला? चुकीच्या देखभालीने झालेला आजार वगळला आहे का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण कासवाचे बरेचसे आजार दिवा, पाणी आणि अन्न यांतूनच येतात. इथे मात्र कुत्र्याच्या पॉलिसीत कासव बसत नाही, आणि घरसामानाच्या विम्यात ते येईल असं धरून चालू नका. एजंट "होईल हो ताई" म्हणाला, तर कासवाचं नाव कागदावर लिहून मागा.

मग काय करायचं? घरचाच विमा उतरवायचा. पोस्टात पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. ३०० रुपये टाकलेत तर पाच वर्षांत मुद्दलच १८,००० होतं, व्याज वेगळं. पण आजार पाच वर्षं थांबत नाही, म्हणून कासव आणतानाच थोडी रक्कम बचत खात्यात बाजूला ठेवा. नाकातून बुडबुडे येणं, तिरकं तरंगणं, खाणं सोडणं, कवच मऊ लागणं ही लक्षणं दिसली की घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठायचे. मादी नराशिवायही अंडी घालते आणि ती अडकली तर जिवावर बेततं, हेही ध्यानात असू द्या. प्रत्येक जनावरांचे डॉक्टर कासव तपासत नाहीत. म्हणून आधी डॉक्टर शोधा, मग कासव आणा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळच्या ठिकाणी विचारपूस करता येईल.

राहिला चौथा प्रश्न, आणि खरं सांगू, तोच सगळ्यांत अवघड. पाणी कोण बदलणार? हट्ट मुलांचा, कौतुक वडिलांचं आणि बादल्या आईच्या, असं बहुतेक घरांत होतं. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि कासव त्यांच्या गळ्यात राहिलं. गुडघे दुखायला लागले तशी एक दिवस मला म्हणाल्या, "काय हो, देवळाच्या तळ्यात सोडून देऊ का? पुण्यच लागेल."

कित्येकींना असंच वाटतं. पण हे पुण्य नव्हे. हा पाहुणा दांडगा आहे. तळ्यात गेला की आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतो, रोगही नेतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपने १९९७ मध्ये त्याची आयातच बंद केली. ज्या आपल्या कासवांना कायदा जपतो, त्यांच्याच ताटात आपण हा वाटेकरी बसवतो.

वहिनींना हे पटलं. त्यांनी पाणी उपसायला नळी लावून घेतली, बादल्या थांबल्या. मुलाला नोकरी लागली तेव्हा फोनवर त्याला सांगितलं, "तुझं कासव आहे, त्याचा खर्च तू पाठव." तो पाठवतो, बरं का! ज्यांना सांभाळणं अगदीच अशक्य आहे त्यांनी डॉक्टरांना, प्राणीमित्र संस्थेला किंवा वनविभागाला विचारावं. पण पाण्यात सोडू नये.

तेव्हा मुलांनी हट्ट धरला की लगेच नाहीही म्हणू नका. एक वही घ्या. पाणी कोण बदलणार, दिव्याचे पैसे कोणाच्या खात्यातून, सुटीत गावाला गेलो तर कोण बघणार, मुलं मोठी होऊन घराबाहेर पडली की कोणाकडे, हे त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि खाली घरातल्या सगळ्यांच्या सह्या. रकाने भरले तर खुशाल कासव आणा. सगळीकडे "आई" असंच लिहिलेलं दिसलं, तर वही मिटा आणि दारात चिमण्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवा.