अंगठा म्हणजे संमती नव्हे

“ताई, ते मशीन दुखते काय?” तिने मला विचारले तेव्हा आम्ही दोघी पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. चिखलदऱ्यात सीझनभर पर्यटकांच्या खोल्या झाडणारी ही कोरकू बाई. एका खोलीतून सोन्याची पोत गेली आणि खोलीत कोण जाते, तर ही. तीन दिवस रोज बोलावणे, दिवसभर बसवून ठेवणे. साक्षीदार म्हणून बोलावले की संशयित म्हणून, हे कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी एक शिपाई म्हणाला, “मशीनवर बसवतो, खरेखोटे आपोआप बाहेर येईल. हरकत नसेल तर अंगठा दे.” तिने दिला. मराठी तिला बाजारापुरती येते, वाचता येत नाही. कागदावर काय लिहिले आहे असे मी विचारले, तर “तुमचा काय संबंध?” असे उत्तर आले.

मशीन कधी आलेच नाही. तिचे काम मात्र गेले.

या मशीनविषयी आपल्या बैठकांतून फारसे बोलले जात नाही, म्हणून लिहिते आहे. पॉलिग्राफ खोटे पकडत नाही. छातीला पट्टा, दंडाला रक्तदाबाची पट्टी, बोटांना चकत्या लावून तो श्वास, नाडी, रक्तदाब आणि घाम मोजतो. म्हणजे घाबरलेले शरीर मोजतो. माणूस खोटे बोलताना घाबरतो तसा खरे बोलून कोणी विश्वास ठेवणार नाही या भीतीनेही घाबरतो. जिला वर्दी दिसताच आयुष्यभर घाम फुटत आला, तिच्या घामाचा अर्थ कोणते यंत्र लावणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली या चाचणीमागचा शास्त्रीय आधार कच्चा असल्याचे सांगितले. त्याच देशाने १९८८ साली कायदा करून बहुतेक खासगी मालकांना कामगारांवर हे यंत्र लावायला मनाई केली. पोत हरवली की झाडणारीला यंत्रावर बसवावे, ही कल्पना आमच्याकडे अजून हुशारीची वाटते.

५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग यांपैकी कोणतीही चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग न पाडले जाण्याचा हक्क घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे आणि कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचाही हा भंग ठरतो. पॉलिग्राफला संमती असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील मिळाला पाहिजे, चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम समजावून सांगितले पाहिजेत. एवढे करूनही तो अहवाल स्वतः पुरावा ठरत नाही. ठाण्यात घेतलेल्या त्या अंगठ्याची किंमत यावरून समजून घ्या.

पण संमती या शब्दाशी आपले, विदर्भातल्या बायकांचे, जुने भांडण आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला. ती आदिवासी मुलगी. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, तेव्हा संमती होती, असे धरून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ साली खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा हाच होता की शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली चळवळ त्या पत्रावर उभी राहिली. मग यंत्रापुढे बसवलेल्या बाईची ‘संमती’ आपण कशी खपवून घेतो?

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला पूर्वी लग्न ठरलेल्या तरुणाच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली. डोक्याला तारा लावून तिला खुनाच्या तपशिलाची वाक्ये प्रथमपुरुषी ऐकवली गेली होती आणि तिच्या मेंदूत ‘अनुभवाची आठवण’ उमटल्याचा अहवाल निकालात वापरला गेला. यंत्र वेगळे, दावा तोच. आणि हो, चाचणीला तिने संमती दिली होती.

आता कडू बोलते. प्रत्येक अत्याचारानंतर आपल्याच मोर्चात ‘आरोपीची नार्को करा’ असा फलक असतो. मीही एकदा तो धरला आहे. त्या रागाला मी खोटे म्हणत नाही. पण सप्टेंबर २०२० मध्ये हाथरसची दलित मुलगी गेली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेश सरकारने आरोपी आणि पोलीस यांच्याबरोबर त्या मुलीच्या घरच्यांच्याही पॉलिग्राफ आणि नार्कोचा हुकूम काढला. एकदा यंत्र आले की ते आपल्याकडेही वळते. ९ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका प्रकरणातला उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. तिथे एक विवाहिता बेपत्ता होती, आणि सगळ्या आरोपींची व साक्षीदारांचीही नार्को करू, हे पोलिसांचे म्हणणे जामिनाच्या सुनावणीत मान्य झाले होते. साक्षीदार म्हणजे कोण? बहुधा शेजारीण, नणंद, आई. अमेरिकेत तर बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईलाच आधी यंत्रावर बसवत. ती अट बंद व्हावी म्हणून २००५ साली कायद्यात तरतूद करावी लागली.

‘सेल्वी’ हे नावही एका बाईचे, हे अनेकींना ठाऊक नसते. मुलीने जातीबाहेर लग्न केले, जावयाचा खून झाला, आणि त्यात ही आई संशयित होती. अशा प्रकरणात आपण मुलीच्या बाजूने उभ्या राहतो, राहायलाच हवे. तरी चिखलदऱ्याच्या त्या बाईला वाचवणारा निकाल याच आईच्या याचिकेवर आला. हक्क चांगल्या माणसांपुरता ठेवला की तो कोणालाच उरत नाही.

आणि खरा तपास कुठे असतो? ३० डिसेंबर २०२४ रोजी आमच्याच तालुक्यातल्या रेट्याखेडा गावात एका वृद्ध बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण झाली, चपलांचा हार घालून धिंड काढली गेली. सुरुवातीला पोलिसांनी तक्रार नीट घेतली नाही, असे घरच्यांचे म्हणणे होते. तिथे कोणत्या यंत्राची गरज होती? अख्खे गाव साक्षीदार होते. गरज होती ती ऐकून जसेच्या तसे लिहून घेणाऱ्या पोलिसाची.

गेल्या महिन्यापासून आमच्या बैठकीत बायका एक वाक्य मोठ्याने म्हणून पाहतात, कोरकूत आणि मराठीत: “वकील येईपर्यंत अंगठा देणार नाही.” हसतात, लाजतात, पुन्हा म्हणतात. परवा एकीने विचारले, वकील घाट चढून येईपर्यंत मला बसवून ठेवले तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, हे मी सांगितले. ती म्हणाली, “तो तर अमरावतीला. मी तर इथे.”