आजारपणाचा खाडा

‘दुखणे अंगावर काढू नका, दोन दिवस पडून राहा,’ असे आपण आरोग्य शिबिरात सांगतो आणि मोकळ्या होतो. उजनीच्या फुगवट्याकाठी, करमाळा-माढ्याच्या फडात तोडीला आलेल्या बाईला हा सल्ला परवडतो का? नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल जोडीच्या नावावर. तिने अंग टाकले की मजुरी बुडते आणि वर खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. (चूल आणि पाणी तर तापातही सुटत नाही; त्याचा खाडा कोणी मोजत नाही.) म्हणून ती गोळी घेऊन मोळ्या उचलते. आराम की काम, हा ‘तिचा निर्णय’ आहे असे म्हणणे मला खोटे वाटते.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दुखण्यापायी खाडे पडू नयेत, हे त्यामागचे एक कारण बायकांनीच सांगितले आहे.

कामगार राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. फडातल्या बाईला मात्र मालकच सापडत नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. मैत्रिणींनो, आजारपणाचा खाडा बंद करा आणि त्या दिवसांची मजुरी कारखान्याने द्यावी, ही मागणी आपण उचल वाटली जाते तेव्हाच, पावसाळ्यात, तिच्या गावी जाऊन उभी करायला हवी. फडावर ताप चढल्यावर तिचे कोण ऐकणार?